वरचे गाव, खालचे गाव

नोकरीची एकतीस वर्षे मी जमिनी आणि घरे मोजण्यात घालवली. सुरुवातीला साखळी होती, मग टेप आला, निवृत्तीच्या सुमारास यंत्रेही आली. पण काम तेच. रस्ता रुंद करायचा असो की कालवा काढायचा असो, साहेब, कंत्राटदार, पोलीस हे सगळे नंतर येतात. सर्वांच्या आधी गावात पोचतो तो मोजणीदार. त्यामुळे पहिला चहा त्यालाच मिळतो आणि पहिल्या शिव्याही त्यालाच. हे एवढ्यासाठी सांगितले, की पुढे जे लिहिणार आहे ते एका मोजणीदाराने पाहिलेले आहे. रोमचा इतिहास मी निवृत्तीनंतर पुस्तकांतून वाचला. पुराणवस्तूंचा मी जाणकार नव्हे.

मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला आठवडाभर इटलीला नेले. मुक्काम नेपल्सला होता. पोम्पेईला सगळेच जातात, आम्हीही गेलो. पण तिथली गर्दी आणि तिथला नावलौकिक या दोहोंच्या रेट्यात मन कुठे टेकत नाही. दुसऱ्या दिवशी व्हेसूव्हियसच्या पायथ्याने जाणाऱ्या लहान रेल्वेने एर्कोलानोला उतरलो. स्टेशनपासून एक रस्ता सरळ उताराने समुद्राच्या बाजूला जातो. दोन्ही अंगांना दुकाने, वर चार-पाच मजली घरे, स्कूटरींचा गोंगाट, मोठमोठ्याने बोलणारी माणसे. मला तर खडेबाजारातून चालल्यासारखेच वाटत होते. रस्ता संपतो तिथे एक कमान आहे. आत गेले की वाट एका प्रचंड खड्ड्याच्या काठाकाठाने उतरत जाते, आणि त्या खड्ड्यात, वीसेक मीटर खाली, एक गाव आहे.

फरसबंदीचे रस्ते, दुमजली घरे, ओसऱ्या, दुकानांच्या रांगा. पलीकडे खड्ड्याची भिंत सरळ उभी तासलेली, आणि तिच्या अगदी डोक्यावर आजच्या एर्कोलानोच्या घरांच्या मागच्या बाजू: गॅलऱ्या, कुंड्या, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. त्या घरांच्या मागे व्हेसूव्हियस. मेलेले गाव, जिवंत गाव आणि एकाला गाडून दुसऱ्याच्या उशाशी बसलेला डोंगर, सगळे एकाच नजरेत मावते. जावई फोटो काढत होते. मी सवयीने खड्ड्याच्या काठापासून पहिल्या घराचे अंतर डोळ्यांनी मोजत होतो.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस फुटला. खालच्या गावाचे तेव्हाचे नाव हर्क्युलेनियम. ते पोम्पेईपेक्षा डोंगराला जवळ. पण वाऱ्याची दिशा वेगळी असल्याने पहिल्या दिवशी त्यावर फारसे काही पडले नाही. रात्री मात्र तापलेल्या राखेचे आणि वायूंचे लोट डोंगरावरून एकामागून एक उतरले आणि गाव त्यांत बुडाले. ती राख थिजून खडकासारखी झाली. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. इथले लाकूड जळून नाहीसे न होता कोळसा होऊन टिकले. दारे, तुळया, पलंग, जिने, घराच्या आतली लाकडी घडीची आडभिंतसुद्धा, दोन हजार वर्षांपूर्वी जिथे होती तिथे उभी आहे.

पुढे त्या खडकावर नवी वस्ती झाली. तिचे नाव रेसिना. १७०९ च्या सुमारास तिथे विहीर खोदताना पाण्याच्या आधी संगमरवर लागला. एल्बफ नावाच्या सरदाराने ती जागा विकत घेतली आणि सापडतील त्या मूर्ती काढून नेल्या. त्यांतल्या तीन स्त्रीमूर्ती फिरत फिरत ड्रेस्डेनला पोचल्या. त्या आजही तिथल्याच संग्रहात आहेत. विहीर जाऊन भिडली होती ती रोमन नाट्यगृहाला. १७३८ पासून नेपल्सच्या राजाने रीतसर काम सुरू केले. रीतसर म्हणजे भुयारे. कैदी लावून, मशालींच्या धुरात, खडक फोडत जायचे; मूर्ती, चित्रे वर पाठवायची; आणि डोक्यावर रेसिनाची घरे आहेत म्हणून नव्या भुयाराचा भरावा जुन्या भुयारात टाकत पुढे सरकायचे. नाट्यगृह आजही जमिनीच्या पोटातच आहे. त्यावर गाव नांदते आहे.

त्या भुयारांत कार्ल वेबर नावाचा एक स्विस अभियंता काम करीत होता. १७५० मध्ये सापडलेल्या एका अफाट हवेलीचा त्याने अंधारातच फिरून नकाशा काढला. त्या नकाशावरून पॉल गेटी या अमेरिकन धनाढ्याने कॅलिफोर्नियात तशीच हवेली बांधवली आणि १९७४ मध्ये ती संग्रहालय म्हणून उघडली. मूळ हवेलीवर तोवर सूर्यप्रकाश पडला नव्हता. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या नकाशाला याहून मोठा मान मिळाल्याचे मला तरी माहीत नाही. असो.

१९२७ मध्ये, मुसोलिनीच्या राजवटीत, अमेदेओ मैउरी या पुरातत्त्वज्ञाने नवे काम हाती घेतले. आता भुयारे नकोत. वरून खालपर्यंत सगळे उघडे करायचे. आज आपण जे पाहतो ते बव्हंशी त्याच कामाचे फळ आहे. त्यासाठी रेसिनाची काही घरे पाडावी लागली. पुस्तकांत ही हकीकत अर्ध्या वाक्यात येते. 'काही घरे ताब्यात घेऊन पाडण्यात आली आणि' एवढे म्हणून लेखक 'आणि'च्या पुढे भित्तिचित्रांच्या लाल रंगाकडे वळतो. मी नेमका त्या 'आणि'पाशी अडलो. कारण त्या अर्ध्या वाक्यासाठी कुणीतरी टेप घेऊन त्या घरांत गेला असणार.

मी गेलो आहे. १९८० नंतरच्या वर्षांतली गोष्ट. आपल्याच भागातल्या एका खेड्यात रस्तारुंदीसाठी नऊ घरे जायची होती. आमच्याजवळ छापील तक्ता असे: भिंत कशाची, छप्पर कशाचे, चौरस फूट किती, विहीर आहे का, फळझाडे किती. एका घरात एक म्हातारी एकटीच होती. मी लिहीत होतो तोवर ती माझ्यामागून फिरत राहिली. शेवटी म्हणाली, "बाळा, सगळं लिवलास न्हवं?" मी म्हटले, होय आजी. "ह्या उंबऱ्याचं काय लिवलास?" मी लाकूड निरखले आणि लिहिले, 'दाराची चौकट, फणसाची, एक'. तिला वाचूनही दाखवले. ती हसली. म्हणाली, "लगीन होऊन आलो तवा ह्याच्यावरचं माप वलांडून आत आलो मी. आनि त्यास्नी ह्याच्यावरनंच भायेर नेलं. त्येचं काय लिवलास?"

तक्त्यात तसा रकाना नव्हता. मोबदला नियमाप्रमाणे मिळाला, रस्ता झाला, चांगला झाला. आता त्या भागातल्या अडलेल्या बाळंतिणीला घेऊन जीप वेळेत शहरात पोचते. त्या रस्त्यावरून मीही अनेकदा गेलो आहे. म्हणून मी अन्याय झाला असे म्हणत नाही. पण म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर मात्र मी दिलेले नाही, हे खरे.

हर्क्युलेनियमच्या गल्ल्यांतून हिंडताना माझी नजर सारखी उंबऱ्यांवर जात होती. दुकानांच्या दगडी उंबऱ्यांत लांबलचक खाचा आहेत. रात्री दुकान बंद करताना फळ्या त्या खाचांत एकेक करून सरकवत. आपल्याकडे जुन्या पेठेत किराणा दुकानांना अशाच फळ्या असत. लहानपणी त्या लावण्याचे काम घरातल्या पोरांकडे असे. उंबऱ्याची मधली बाजू झिजून खोलगट झालेली. त्या खोलगटपणावर आता परदेशी प्रवासी वाकून वाकून पाहतात, मार्गदर्शक बाई त्यावर पाच मिनिटे बोलतात. एका झिजलेल्या दगडावर पाच मिनिटे! माझ्या तक्त्यात त्याला एक ओळ मिळाली नसती.

तिथे 'कासा अ ग्रातिच्चो' नावाचे एक घर आहे. श्रीमंताचे नव्हे. लाकडाच्या चौकटी उभ्या करून त्यांत दगडगोटे आणि चुना भरायचा, ही रोमन काळची स्वस्त बांधणी. आत जागेचे तुकडे पाडून वेगवेगळी बिऱ्हाडे राहत असावीत अशी रचना आहे. वरच्या बिऱ्हाडाला वेगळा जिना. म्हणजे आपल्या भाषेत चार भाडेकरूंचा वाडाच. अभ्यासकांना या घराचे मोल फार, कारण महाल, देवळे सगळीकडे टिकतात, गरिबाचे कच्चे घर कुठे टिकत नाही. त्यांचा आनंद मला पूर्ण पटला. नेपल्सच्या संग्रहालयात याच गावातली एक कोळसा झालेली गोल भाकरी आहे. तिच्यावर शिक्का उमटवलेला आहे: क्विंतुस ग्रानियुस वेरुस याचा गुलाम केलेर, त्याची ही भाकरी. एका घरात पाळणा सापडला, बाळाच्या हाडांसह. एका इमारतीखालच्या गटारातून शेकडो पोती मैला निघाला, आणि अभ्यासकांनी तो चाळून लोक काय खात ते शोधून काढले: अंजीर, ऑलिव्ह, अंडी, मासळी. लेकीने मला हे वाचून दाखवले तेव्हा मी म्हटले, आमच्या नगरपालिकेला कळव, आमच्याकडेही पुढच्या दोन हजार वर्षांची सोय चालू आहे.

पण हसण्यावारी नेऊनही ही गोष्ट मनातून जाईना. या खालच्या गावावर आपण जीव टाकतो तो कशासाठी? सम्राटासाठी नव्हे, लढायांसाठी नव्हे. साध्या माणसाचे साधे जगणे इथे जसेच्या तसे राहिले म्हणून. भाडेकरूचा जिना, गुलामाची भाकरी, झिजलेला उंबरा. आणि नेमके तेच सगळे वीस मीटर वर आज चालू आहे. भाडेकरूंची घरे, जिना, पाव, पाळणा. खालच्याचे आपण तिकीट काढतो आणि वरच्याला म्हणतो, अतिक्रमण. तिथे काठावर उभे असलेले एक गृहस्थ (कुठले ते कळले नाही, इंग्रजी बोलत होते) वरच्या गॅलऱ्यांकडे हात करून बरोबरच्या बाईंना म्हणाले, ही भिकार घरे उचलून टाकली तर अजून तीन चतुर्थांश शहर बाहेर निघेल. हिशेब बरोबर होता. रोमन शहराचा सुमारे चौथा हिस्साच उघडा झाला आहे. बाकीचे आजच्या गावाखाली आहे. पण ते 'भिकार' म्हणताना त्यांच्या पाठीशीच ते चुन्यागोट्यांचे घर होते, ज्याचे त्यांनी नुकतेच आठ-दहा फोटो घेतले होते. साध्या जगण्याचे मोल फक्त ते जगणारा मेल्यावरच कळत असेल, तर आपले प्रेम जगण्यावर नसून त्याच्या संपण्यावर आहे, असे म्हणावे लागेल. मला हे त्या गृहस्थांना सांगता आले नाही. माझे इंग्रजी कचेरीपुरते.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही.

वेबरने नकाशा काढलेल्या त्या हवेलीत १७५२ पासून कोळशाच्या वीतभर कांड्यांसारखे काहीतरी सापडू लागले. ती पुस्तके होती. पपायरसच्या गुंडाळ्या, तुकडे धरून सुमारे १,८००. जुन्या जगातले एवढे एकच ग्रंथालय आहे की ज्याची पुस्तके त्याच जागी सापडली. सुरुवातीला लोकांनी ती सुरीने उभी कापली, कित्येकांचा चुरा झाला. पुढे अंतोनिओ पियाज्जो या धर्मगुरूने एक यंत्र तयार केले. ते दोऱ्यांवर टांगून गुंडाळी केसाकेसाने उलगडत असे. अलीकडे तर न उलगडताच वाचण्याची युक्ती निघाली. क्ष-किरणांनी गुंडाळीच्या आतले थर टिपायचे आणि संगणकाकडून शाईच्या खुणा ओळखवून घ्यायच्या. २०२३ मध्ये अशा बंद गुंडाळीतला पहिला शब्द वाचला गेला: 'जांभळा'. २०२४ च्या फेब्रुवारीत तीन तरुणांना पंधरा रकान्यांतला मजकूर वाचून दाखवल्याबद्दल मोठे पारितोषिक मिळाले. मजकूर बहुधा फिलोदेमोस या तत्त्वज्ञाचा आहे, आणि विषय असा की दुर्मीळ वस्तू मुबलक वस्तूपेक्षा अधिक आनंद देते का. दोन हजार वर्षे कोळशात राहिलेल्या माणसाने बाहेर येताच विचारावा तो नेमका हा प्रश्न!

हवेलीचे खालचे मजले अजून पुरते खोदलेले नाहीत. तिथे आणखी पुस्तके असतील, कदाचित ज्यांची फक्त नावे उरली आहेत अशा ग्रीक-रोमन लेखकांची असतील, असे मानणारे विद्वान आहेत. आजूबाजूला आजचे गाव आहे. व्हेसूव्हियस पुन्हा फुटला तर सगळेच जाईल. मग चार घरांसाठी हे अडवून ठेवायचे? माणसांना दुसरीकडे घर देता येते, हरवलेले पुस्तक दुसरीकडे मिळत नाही. हा युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळदा करून पाहिला आहे, आणि तो मला खोडता आलेला नाही. बालपणी घरातल्या पोथ्यांचे गाठोडे कसर लागून गेले तेव्हा वडील दोन दिवस जेवले नव्हते. त्या घरात वाढलेल्या माणसाला पुस्तकाची किंमत नव्याने सांगायला नको.

आणि केवळ पुस्तकेच नव्हेत. खालच्या एका घरात, १९३८ मध्ये, लाकडी फळ्यांवर लिहिलेले खटल्याचे कागद निघाले. युस्ता नावाची एक मुलगी. तिची आई आधी गुलाम होती, नंतर मुक्त झाली. मुलगी मुक्तीच्या आधी जन्मली की नंतर, यावर ती स्वतंत्र की गुलाम हे ठरायचे. दोन्ही बाजूंचे साक्षीदार आहेत, जबान्या आहेत. निकाल नाही. चार-पाच वर्षांतच डोंगर फुटला. खटला टांगलेला राहणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. तिचा निकाल कुठे मिळेल असे असते, तर मीही म्हटले असते, खोदा.

पण इथेच एक गंमत आहे. त्या हवेलीतली बहुतेक पुस्तके एपिक्यूरसच्या पंथाची आहेत. फिलोदेमोस त्याच पंथाचा. एपिक्यूरसचे सांगणे असे, की मेलेल्या माणसाला काही होत नाही, कारण होण्यासाठी तो उरलेलाच नसतो. त्याला मान नको, अपमान लागत नाही, त्याचे काही हिरावता येत नाही. म्हणजे ज्यांच्या ग्रंथांसाठी जिवंतांची घरे उचलायची, त्यांचेच मत असे की मेलेल्यांचा जिवंतांवर काडीचाही हक्क नाही! हे ध्यानात आल्यावर माझा गुंता थोडा सुटला. कागदावर भांडण 'वारसा विरुद्ध वस्ती', 'इतिहास विरुद्ध वर्तमान' असे मांडले जाते. प्रत्यक्षात मेलेले काहीच मागत नाहीत. मागणारे सगळे जिवंतच असतात: विद्वान, सरकार, प्रवासी, हॉटेलवाले, आणि माझ्यासारखा वाचक, ज्याला ते पुस्तक बसल्याजागी वाचायला हवे आहे. यांत वाईट कुणीच नाही. फक्त आपली हौस आपल्या नावावर मांडावी, मेलेल्यांची सही तिच्याखाली घेऊ नये. 'आम्हाला हवे आहे म्हणून तुम्ही उठा' हे वाक्य म्हणणे अवघड जाते. 'पूर्वजांसाठी उठा' हे सोपे जाते. आमच्याही तक्त्यांवर 'सार्वजनिक हितासाठी' असे छापलेले असे. हित खरेच सार्वजनिक असे, मी नाकारत नाही. पण त्या शब्दामागे तोंड लपवायला मात्र फार बरे पडे.

एवढे मनाशी ठरवून मी जुन्या किनाऱ्याकडे उतरलो. समुद्र आता बराच दूर गेला आहे. तेव्हाची वाळू आज समुद्रसपाटीच्याही खाली आहे, आणि तिथे साचणारे पाणी सतत पंपाने उपसावे लागते. बरीच वर्षे लोकांना समजूत होती की हर्क्युलेनियमचे जवळजवळ सगळे रहिवासी वेळेत निसटले, कारण गावात सांगाडे फारसे सापडलेच नव्हते. १९८० पासून किनाऱ्यावरच्या होड्या ठेवण्याच्या कमानी उघडल्या गेल्या आणि आत तीनशेहून अधिक माणसे सापडली. होड्यांची वाट पाहत एकमेकांना बिलगून बसलेली. आज कमानींत त्यांच्या प्रतिकृती जिथल्या तिथे ठेवल्या आहेत.

त्या कमानींसमोर मला एपिक्यूरस आठवला आणि उपयोगाचा वाटला नाही. यांचा काहीच हक्क नाही, हे डोक्याला पटलेले वाक्य तोंडातून निघेना. एक लहानसा सांगाडा दुसऱ्या मोठ्याच्या काखेत होता. मुलीने माझा हात धरला. मी नास्तिक नाही, फारसा आस्तिकही नाही. हात आपोआप जोडले गेले. मेलेल्यांना आपण काही देणे लागतो का, याचे उत्तर मला तिथे 'होय' असेच आले, आणि काय देणे लागतो हे मात्र आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्यासाठी एखाद्याला घराबाहेर काढावे, असे तिथे मुळीच वाटले नाही, एवढे सांगतो. घर सोडून पळावे लागलेलीच ती माणसे.

वर रेसिनाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९६९ मध्ये गावाने आपले नावच बदलले आणि खालच्या गावाचे घेतले: एर्कोलानो. नाव कुणी कुणावर लादले की हौसेने घेतले, याच्या खोलात मी शिरत नाही. पाट्यांवरच्या नावांसाठी काय काय होते ते आपण पाहत आलो आहोत. पण जुने नाव काही लगेच जात नाही. तिथला मोठा रस्ता अजून रेसिनाच्याच नावाने आहे. वर पुल्यानोचा जुन्या कपड्यांचा बाजार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांच्या फौजेच्या गाड्यांवरून पळवलेल्या मालावर तो उभा राहिला असे सांगतात. तोही रेसिनाचा बाजार म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे मेलेल्या गावाचे नाव जिवंताला मिळाले, आणि जिवंताचे नाव जुन्या कपड्यांच्या बाजारात उरले.

मला स्वतःला अडचणीत टाकणारी एक गोष्ट बाकी आहे. वरच्या लोकांना उठवू नये, असे माझे मन म्हणते. पण मग डोंगराचे काय? १६३१ च्या उद्रेकात या भागात हजारो माणसे मेली. शेजारच्या पोर्तिचीत तेव्हाचा एक शिलालेख आहे. त्यात पुढच्या पिढ्यांना बजावले आहे की डोंगर धुमसू लागला तर चीजवस्तूंचा मोह न धरता पळा. शेवटचा उद्रेक १९४४ चा. आज धोक्याच्या पट्ट्यात लाखो लोक राहतात. एकट्या एर्कोलानोत पन्नास हजारांच्या आसपास. २००३ मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने या पट्ट्यातून बाहेर जाणाऱ्या कुटुंबांना पैसे देऊ केले. फारसे कुणी हलले नाही. इथे उठा म्हणणाऱ्याचा स्वार्थ नाही, उठणाऱ्याचेच हित आहे. तरी लोक बसून आहेत. मोठ्या माणसाने स्वतःच्या जिवाचा सौदा स्वतः करावा, हे मी समजू शकतो. पण त्याच्या पोराला कुणी विचारले? मग मोजणीदार पाठवावा का तिथे? मी असतो तर गेलो असतो का? गेलो असतो, असे वाटते. आणि पुन्हा त्याच तक्त्यात 'चौकट, एक' असे लिहून आलो असतो.

खालचे गावही काही सुखात नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते ढासळत चालले होते, बराचसा भाग पाहणाऱ्यांना बंद होता. २००१ मध्ये डेव्हिड पॅकार्ड यांच्या संस्थेच्या पैशाने आणि इटालियन खात्याच्या बरोबरीने दुरुस्तीचे मोठे काम निघाले. नवे काही खोदायचे नाही, आहे ते सांभाळायचे, हा त्याचा रोख. त्यांनी प्रथम काय केले, तर छपरे शाकारली आणि गटारे साफ केली. उघड्या खड्ड्यात पडणारे पावसाचे पाणी जायला वाट नव्हती. ती रोमन लोकांच्या गटारांनी दिली. दोन हजार वर्षांनी ती पुन्हा वाहू लागली. चित्रे, मूर्ती राहिल्या बाजूला. गाव वाचवायचे म्हणजे आधी पाण्याचा निचरा, हे त्या मंडळींना कळले याचे मला फार कौतुक वाटले. तक्त्याबाहेरचे काही मोजण्याची सुरुवात अशीच कुठेतरी होत असावी.

परत वर येईपर्यंत आभाळ भरून आले होते. काठावरच्या वाटेने जात असताना टपोरे थेंब सुरू झाले. समोरच्या एका गॅलरीत साठीच्या एक बाई लगबगीने आल्या आणि चादरी ओढू लागल्या. एक उशीचा अभ्रा त्यांच्या हातून सुटला, भिंतीवरून तरंगत खाली गेला आणि रोमन घराच्या छपरावर जाऊन पडला. बाईंनी कठड्यावरून वाकून पाहिले, खाली उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला हाक मारली. त्याने वर पाहून हात हलवला, शिडी आणायला गेला. नेहमीचेच असावे. जावई म्हणाले, "बाबा, चला, भिजाल." पण अभ्रा मिळतो का ते पाहून मग निघू, असे मी म्हटले आणि छत्री उघडून तिथेच थांबलो.